चहाघरातला नाच

शेलूबाजारच्या ज्योत्स्नानं डोळ्यांवर हेडसेट चढवला आणि आभासी जगातल्या जपानी चहाघरात ती गेशा, म्हणजे तिथली नाचगाणं करणारी कलावंतीण, होऊन पंखा घेऊन नाचू लागली. मैत्रिणींसोबत तिनंच ते चहाघर उभारलं होतं. तिची आई तुळसाबाई मागं उभी राहून कॉम्प्युटरवर सगळं पाहत होती.

“बंद कर हे. लोक नाचनारीन म्हनतीन तुले.”

“त्या गेशांलेही लोक नावं ठेवत, आई. पन त्याईची कला आमाले मरू द्याची नाही. मी नाही थांबत.”

मग लग्नानंतर या घरात कधीच न काढलेला विषय तुळसाबाईनं काढला.

“मंग तिथं शेजारी तमाशाचा फडही उभा कर. माह्या सगळ्या लावण्या मले अजून पाठ हायेत.”