आयुष्यभर ग्रीस लागत नाही

“सोमवारी पूजा आटोपली की आधी चाकं फिरवणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटला ग्रीस, मग चहा,” आमचे हे सांगायचे. ते गेल्यावर त्यांच्या जुन्या जीपसाठी तो नेम मी पाळला. नव्या जीपच्या जॉइंटला मात्र ग्रीस भरायला जागाच नव्हती. “आयुष्यभर लागत नाही, काकू,” शोरूमवाला हसला होता.

आज घाटात तोच जॉइंट तुटला. मागच्या सीटवर शेजारच्या अनसूयामावशी होत्या, डायलिसिसला निघालेल्या.

“ग्रीसवाला जॉइंट घाला, बशीरभाई,” फोन करून बोलावलेल्या मेकॅनिकला मी म्हणाले.

“बसणार कसा, ताई? पूर्वी क्लिपा काढल्या की जॉइंट हातात यायचा. हा कारखान्यातच ठोकून बसवलाय. अख्खा शाफ्ट बदलायचा, म्हणजे आठवडा गेला.”

मी कधी आवाज चढवत नाही. शोरूमला फोन लावला तेव्हा मात्र चढला. “चार क्लिपा वाचवल्यात तुम्ही! इथं एका बाईचं रक्त साफ व्हायचं खोळंबलंय.”

“कंपनीला मेल करा, काकू.”

फोन ठेवला. “राहू दे गं, उद्या बघू,” मावशी म्हणाल्या.

“आज नेते म्हटलंय ना मी?” त्यांची पिशवी खांद्याला लावून, त्यांचा हात धरून मी वळणापलीकडच्या एसटी थांब्याकडे चालू लागले.