चिकाचा डाग

रंजिताला मिळणार होती पीएच.डी., नावाआधी 'डॉक्टर' आणि सासरी थोडा दरारा. त्यासाठी ती इंदूरच्या प्रयोगशाळेत केळीचा चीक त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींवर तपासत होती. चीक दर सोमवारी जैनाबादहून यायचा. तिचे वडील लोटूभाऊ बागेत स्वतः खोडाला चीर देऊन बाटल्या भरायचे.

दिवाळीला घरी आली तेव्हा तिला त्यांच्या उजव्या अंगठ्यावर काळा डाग दिसला.

"बाबा, हे काय?"

"चिकाचा डाग आहे बेटा, दुसरं काय. तुझी पढाई लागलीय हाताला. घासून घासून थकलो, जातच नाही."

"मग डिग्री पक्की समजा," म्हणत ती हसली आणि तिनं फराळाचं ताट पुढे ओढलं.

दोन वर्षांनी डाग चिघळला, तेव्हा डॉक्टरांनी त्याचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टात त्याच जातीच्या पेशी निघाल्या, ज्या रंजिता रोज सूक्ष्मदर्शकातून बघत होती.

रंजिताला पदवी मिळाली. प्रबंध घरी आला. 'चीक पुरवल्याबद्दल वडिलांचे आभार' असं छापलेलं पान लोटूभाऊंनी डाव्या हातानं उलटलं.



उजव्या हाताला आता अंगठा नाही.