चौथ्या गणिताचा ताळा

गणिताच्या बाई अवयव पाडताना फळ्यावर रोज एक चूक मुद्दाम करायच्या. अवयव परत गुणून कुणीतरी ताळा करून बघेल, एवढीच आशा. पण अख्खा वर्ग मुकाट्याने चूक जशीच्या तशी उतरवून घ्यायचा.

आज एक मुखदुर्बळ मुलगी चाचरत उठली.

"बाई, दुसऱ्या गणितात मधलं पद उणे हवं. गुणलं तर अधिक येतंय."

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. "शाबास गं! ती चूक मी मुद्दाम केली होती."

"आणि चौथ्यातली?"

बाईंनी चष्मा सावरून चौथं गणित गुणलं. पुन्हा गुणलं. मग खळखळून हसत खडू तिच्या हातात ठेवला आणि "सरका गं जरा," म्हणत पहिल्या बाकावर जाऊन बसल्या.