ओलं पायपुसणं

पायपुसणं पुन्हा ओलं होतं. नवरा कामावरून आल्या आल्या तिनं ते दोन बोटांनी उचललं आणि त्याच्या नाकासमोर धरलं.

"घे. तुझ्या महाराणीचा नजराणा."

महाराणी सोफ्याखाली होती. अंधारात नुसते दोन डोळे. प्राण्यांच्या शेल्टरमधून आणलेली, एक कान फाटलेली, कुणी शिंकलं तरी पळणारी मांजर. बाथरूममध्ये तिचा लिटर बॉक्स होता, त्यात चांगली महागाची वाळू. आणि ही बाई करणार कुठं, तर बाथरूमच्या दाराबाहेर, पायपुसण्यावर.

नवरा चिडला नाही. त्याचाच तर तिला राग होता. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून आलेला, बोटांना अजून ग्रीस. पण चहासुद्धा न घेता तो सोफ्यापाशी जमिनीवर बसला, सोफ्याकडे पाठ करून. प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी तसं सांगितलं होतं. घाबरलेल्या जनावराला बोलवायचं नाही, ओढायचं नाही. जवळ बसून हळू आवाजात काहीतरी वाचायचं. आणि ते आपणहून आलं, तर वळून बघायचं नाही. बघितलं की गेलंच परत. त्यानं पिशवीतून लिफ्टचं मॅन्युअल काढलं आणि तो वाचायला लागला, "दार बंद होताना मध्ये काही आल्यास दार पुन्हा उघडते. दारावर जोर लावू नये..."

मांजर सरपटत बाहेर आली आणि त्याच्या पाठीला टेकली. त्यानं पाहिलंसुद्धा नाही. नुसता समोरच्या भिंतीकडे बघून हसला.

बाळाला कडेवर घेऊन ती दारात उभी होती. तिच्या अंगाची आग झाली. बाळंतपणानंतर ती उगाच रडत बसायची, तेव्हा हाच माणूस म्हणाला होता, "अगं, सगळं तर छान चाललंय, आता काय झालं?" तेव्हापासून तिनं त्याच्यासमोर रडणं सोडलं. आणि आता मुतऱ्या मांजरीला मॅन्युअल वाचून दाखवतोय! सवत आणली असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

"बाळ रांगायला लागलंय," ती म्हणाली. "आणि जमिनीवर हे असलं. रविवारी तिला परत देऊन ये."

"मी घरी असलो की ती नीट बॉक्समध्ये जाते," तो हळूच म्हणाला. "तू ओरडतेस का तिला?"

"हो ना. मीच कजाग. ती गरीब गाय."

शेवटचा उपाय म्हणून शनिवारी डॉक्टरबाई घरीच आल्या. त्यांनी वाळूत बोट घातलं, बॉक्सच्या कडा चाचपल्या. मग ओणव्या होऊन मांजरीच्या उंचीवरून पायपुसण्यापासून बॉक्सपर्यंत बघितलं. काही सापडू नये, असं तिला मनोमन वाटत होतं. उद्याच रविवार.

"हिची बॉक्सबद्दल काही तक्रार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "इथपर्यंत येते आणि अडते. हे दार कधी बंद असतं का?"

"छे," नवरा म्हणाला. "तुम्ही सांगितल्यापासून उघडंच. आंघोळीच्या वेळीसुद्धा आम्ही कडी लावत नाही, फट ठेवतो."

"मग माझीही अक्कल संपली. अशा मांजरांना बंद दाराचीच धास्ती असते. नाहीतर मग... द्या परत. दुसरं काय करणार."

मांजर जायला तिला आता फक्त गप्प बसायचं होतं. एवढंच. सोफ्याखालून दोन डोळे तिच्याकडे बघत होते.

रोज दुपारी बाळ झोपलं की ती आत जायची, कडी लावायची, नळ सोडायची. नळाच्या आवाजातूनही कधीकधी दारावर नखं घासल्याचं ऐकू यायचं. तिला वाटायचं, आता इथंही माझ्या मागं? नवरा घेतलास, बाथरूमपण घे! आणि ती नळ आणखी मोठा करायची.

"दार मी लावते," ती म्हणाली. "दुपारी. कडी लावून."

"आंघोळीला?" नवऱ्यानं विचारलं.

"रडायला."

बाळानं डॉक्टरबाईंची पिशवी उलटी केली.

डॉक्टरबाई गेल्यावर नवऱ्यानं बॉक्स उचलला. आधी बाल्कनीत ठेवून पाहिला, मग पलंगाशेजारी, आणि शेवटी पॅसेजच्या पार टोकाला, कपाटाच्या आड. "बाथरूम तुझी," एवढंच म्हणाला. ना समजूत, ना चौकशी. तिला तेही लागलं. मांजरीसाठी कोपरा शोधायला अख्खी संध्याकाळ, आणि बायकोसाठी दोन शब्द.

रविवारी मांजर कुठं गेली नाही. दुपारी बाळ झोपलं. ती बाथरूममध्ये शिरली, कडी लावली, नळ सोडला. डोळे कोरडे झाल्यावर नळ बंद केला, तर दाराबाहेर वाचन चाललेलं. तोच हळू आवाज. "दार बंद होताना मध्ये काही आल्यास..."

तिनं ओठ चावला. झालं! घरभर जागा असताना महाराणींचा दरबार माझ्याच दारात.

तेवढ्यात लांबून, पॅसेजच्या टोकाकडून, खसखस ऐकू आली. वाळू उकरल्याची. मांजर तिकडं होती, कपाटाच्या आड, आपल्या बॉक्समध्ये.

वाचन मात्र दारापाशीच चालू होतं.

तिनं कडी काढली. तो जमिनीवर एकटाच बसला होता, दाराकडे पाठ करून. त्यानं वळून पाहिलं नाही.