काडेपेटी

तोक्योहून भलंमोठं धूड हाकत आलेल्या जावयाने सासूची चिमुकली मोटार पाहून नाक मुरडलं. "सासूबाई, या काडेपेटीतून तुम्ही होक्काइदोच्या बर्फात फिरता?"

चिझुएने ते कानाआड केलं. "जावईबापू, रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका. इथे गोठतो."

"तुमच्या खेळण्याचा गोठत असेल!" म्हणत त्याने ब्रेक करकचून ओढला.

पहाटे, बाळंतपणाला माहेरी आलेल्या नात्सुमीला कळा सुरू झाल्या. जावयाचं धूड नुसतंच गुरगुरत राहिलं, चाकं काही जागची हलेनात. चिझुएने लेकीला आपल्या मोटारीत पुढे बसवलं आणि मागचं दार उघडून जावयाकडे पाहिलं.

"अंग चोरून बसा, जावईबापू. काडेपेटीत काडी होऊनच शिरावं लागतं."