उजव्या हाताची टेकडी

"वाट चुकलीस तर टेकडी उजव्या हाताला ठेव आणि नाकासमोर चालत राहा. घर आपणहून समोर येतं."

बाबांचं हे सांगणं ताईला तोंडपाठ होतं. पंचाईत एवढीच होती, की टेकडीच जागेवर नव्हती.

ती सहा वर्षांनी घरी येत होती. दूरच्या इस्पितळात नर्स होती. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. मोतीबिंदू, दुसरं काही नाही, असं ते म्हणाले होते. पट्टी आज सोडायची होती. "ती तूच सोडायचीस. पहिलं तोंड मला तुझं बघायचंय," ते फोनवर म्हणाले, आणि ही "बाराच्या आत पोचते" असा शब्द देऊन बसली. आता साडेअकरा झाले होते.

"काही अवघड नाही गं, पुलाखालून डावीकडे," धाकट्या बहिणीने कामाला जाताजाता सांगितलं होतं. पूल तीन होते. धाकटीचा फोन कारखान्याच्या दारात जमा झालेला. बाबा डोळ्यांवर पट्टी बांधून घरी एकटेच. फोनमधल्या नकाशाने ताईला दोनदा गरागरा फिरवून पुन्हा त्याच चौकात आणून सोडलं. लहानपणी ती जिथे शेळ्यांमागे धावायची, तिथे दुकानाच्या काचेआड पांढरीशुभ्र बेसिनं मांडली होती. की ती जागा ही नव्हेच? तिला काही उमजेना. स्वतःच्याच गल्लीचा पत्ता विचारायचा, तर जीभ रेटेना.

एक म्हातारा गवंडी नव्या भिंतीवर पाइपाने पाणी मारत होता.

"काका, इथे एक टेकडी होती ना?"

"होती काय? ही काय, उभी आहे!" त्याने पाइपानेच वर दाखवलं. एकीला एक लागून सात इमारती. "फोडली, खडी केली, सिमेंटात कालवली, आणि तिच्याच जागी परत उभी केली. आता चढायला लिफ्टसुद्धा आहे."

"फोडली कुणी?"

"आम्हीच की. आमच्यात एक जण होता, त्याची पोरगी नर्सिंग शिकत होती. एका दिवसाचा खाडा नाही. डोळ्यांत कपच्या उडाल्या, तरी गडी कामावर हजर." म्हाताऱ्याने पाण्याची धार वळवली. "पण एक मात्र त्याने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. टेकडी गेली हे पोरीला कुणी सांगायचं नाही. म्हणायचा, तिला घरची वाट सापडायची नाही."

ताईने ओल्या भिंतीवर क्षणभर तळवा टेकला. मग बॅग डाव्या खांद्यावर घेतली, सातही इमारती उजव्या हाताला ठेवल्या, आणि नाकासमोर चालू लागली.