मधला डबा

तूरडाळीचा फवारा खिडकीतून थेट रस्त्यावर गेला आणि उदगीरच्या त्या गल्लीतल्या शेळ्यांची दिवाळी झाली.

वर्षाराणीनं कपाळाला हात लावला. डाळमिलमधला जुना ड्रायर डाळीतली ओल दोन तारांवरून हळूहळू कळवायचा. निवडणीचं नवं मशीन मात्र नेटवर्कच्या केबलवरून फाडफाड बोलायचं. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नव्हती, म्हणून दुभाष्यासारखा एक छोटा डबा, गेटवे, तिनं मधे बसवला होता. त्यात दशांश चिन्ह तेवढं राहून गेलं. साडेबाराची ओल सव्वाशे होऊन पोचली. मशीनला वाटलं डाळ विहिरीतूनच आली, त्यानं जीव खाऊन फुंकर मारली.

ते दुरुस्त झालं. पण ही जोडणी खंड न पडता चालली तरच तिची नोकरी पक्की, असं तिच्या नांदेडच्या साहेबांनी बजावलं होतं.

मशिनं परवडली, मालक अवघड. संगप्पा ड्रायरकडं, शिवमूर्ती निवडणीकडं. सख्खे भाऊ, पण बाप गेला त्या सालापासून अबोला. गाव म्हणायचं, वाटणीवरून बिनसलं. निरोप न्यायची त्यांची आई मल्लम्मा.

"अव्वा, त्या शहाण्याला सांग, ओल बारावर आली," संगप्पा म्हणायचा. अव्वा अंगण ओलांडायची, वाटेत निरोपातली शिवी वगळायची, पदरचे चार टोमणे घालायची आणि मग निरोप द्यायची. दिवसभर तिचं तोंड चालू.

डबा बसला आणि तिला कामच उरलं नाही. ती ओट्यावर गप्प बसून राहिली. पुढ्यातला चहा निवला. दोघं भाऊ आपापल्या दारातून तिच्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याची वायर निघालेली. वर्षाराणीनं लावली, वायर पुन्हा निघाली. उंदरांचं औषध ठेवलं. वायर लोखंडी नळीत घातली. नळीसकट निघाली, आणि नळीचे स्क्रू बशीत नीट ठेवलेले. एवढा टापटिपीचा उंदीर उदगीरात नव्हता.

तिनं मल्लम्माला आडून आडून विचारलं.

"मला वायर अन् सुतळीतला फरक कळत न्हाई, माय," म्हातारी म्हणाली आणि डब्याकडं सवतीकडं बघावं तसं बघितलं. "पर माझं काम आता ह्योच करून राहिला."

वर्षाराणीला उत्तर मिळालं. आता म्हातारीशी भांडून नोकरी टिकणार नव्हती. तिनं डब्याला एक मोठं हिरवं बटण जोडलं. ओलीचा आकडा डब्यात येऊन थांबणार. मल्लम्मानं दोन्हीकडं विचारून बटण दाबलं की मगच पुढं जाणार.

"मावशी, आता तुमच्याबिगर मशीनसुद्धा एकमेकांशी बोलणार न्हाईत."

मल्लम्मा उठली. पदर खोचला. "त्या ड्रायरचा काय भरवसा? विचारूनच येते."

काम पुरं झाल्याच्या कागदावर भावांनी इतक्या घाईनं सह्या केल्या, की शिवमूर्तीची सही संगप्पाच्या नावापुढं पडली. त्यानंतर वायर एकदाही निघाली नाही. साहेबांचा फोन आला, नोकरी पक्की.

नांदेडची बस धरायला निघाल्यावर वर्षाराणीला आठवलं, आपला टेस्टर राहिला. नळीचे स्क्रू निघाले त्या दिवसापासून तो सापडतच नव्हता. ती परत वळली आणि जवळची वाट म्हणून गोदामाच्या मागून गेली.

तिथं एकाच पोत्यावर बसून, एकाच ताटात, संगप्पा आणि शिवमूर्ती जेवत होते. कशावरून तरी हसून हसून शिवमूर्तीला ठसका लागला होता आणि संगप्पा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. संगप्पाच्या खिशातून तिचा टेस्टर डोकावत होता.

तिला बघून दोघं चपापले. संगप्पानं ओशाळून टेस्टर पुढं केला. अंगणातून अव्वाचा आवाज येत होता, ती मशीनला झापत होती.

"तिला सांगू नका, मॅडम," तो हळूच म्हणाला. "अप्पा गेल्यावर तिनं बोलणंच टाकलं होतं. आमी भांडून बघितलं, तवा कुठं तोंड उघडलं तिनं."